नाशिक आणि मुंबई एकाच रंगात

नववीच्या भूगोलाचा पहिलाच धडा ‘वितरणाचे नकाशे’. टिंब पद्धत, क्षेत्रघनी पद्धत, सममूल्य पद्धत अशी तीन नावं मुलं पाठ करतात. त्यातली क्षेत्रघनी त्यांना जरा जास्त आवडते, कारण तिथे रंगपेटी बाहेर काढायची मुभा असते. जिल्ह्यांच्या सीमा छापलेला कोरा नकाशा, एकाच रंगाच्या फिकट ते गडद छटा, पेन्सिलीवर कमी-जास्त दाब. सूची अगदी शेवटी येते. तास संपत आलेला असतो आणि अरबी समुद्रात उरलेल्या जागेत चार-पाच चौकोन घाईघाईने काढून त्यांच्यापुढे आकडे कोंबले जातात. मोठमोठ्या संस्थांच्या नकाशांतही सूचीच्या वाट्याला बहुधा हीच घाई येते. क्षेत्रघनी नकाशांना आता दोनशे वर्षं होत आली, आणि त्यांच्याबद्दलचे गैरसमज रंगापेक्षा या कोपऱ्यातल्या चौकोनांमुळेच जास्त झाले आहेत.

२०११ च्या जनगणनेतली लोकसंख्येची घनता घ्या. तेव्हा महाराष्ट्रात ३५ जिल्हे होते. गडचिरोलीत चौरस किलोमीटरमागे ७४ माणसं, मुंबई उपनगरात २०,९८०. हे अंतर पाच सारख्या टप्प्यांत कापलं तर एकेक टप्पा चार हजारांहून मोठा होतो. पहिल्याच टप्प्यात ३३ जिल्हे जाऊन बसतात, मधले तीन टप्पे रिकामे राहतात आणि शेवटच्यात मुंबईचे दोन जिल्हे. सगळं राज्य एकाच फिकट रंगाचं आणि किनाऱ्यावर शाई सांडल्यासारखा एक ठिपका. गडचिरोली आणि पुणे यांत काही फरक आहे, हे अशा नकाशावरून कुणाला सांगूनही पटणार नाही.

दुसरा मार्ग असा: जिल्हे घनतेप्रमाणे रांगेत उभे करायचे आणि त्या रांगेचेच पाच सारखे तुकडे पाडायचे. ३५ ला ५ ने भागलं की प्रत्येक तुकड्यात सात. पहिल्या सातांत गडचिरोली, सिंधुदुर्ग, चंद्रपूर, रत्नागिरी, यवतमाळ, वर्धा आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव. त्यांचा पल्ला ७४ ते २१९. शेवटच्या सातांत नाशिक, नागपूर, कोल्हापूर, पुणे, ठाणे आणि मुंबईचे दोन्ही जिल्हे. त्यांचा पल्ला ३९३ ते २०,९८०. अकरावीच्या अर्थशास्त्रात चतुर्थक, दशमक, शतमक शिकवतात, त्यांच्याच गोतावळ्यातला हा पंचमक. नकाशा एकदम बोलका होतो, पाचही रंग सारख्या संख्येने दिसतात.

याची किंमत नाशिकजवळ मोजावी लागते. नाशिकची घनता ३९३ आणि त्याच्या मागच्या रायगडची ३६८. फरक २५ माणसांचा, तरी रंग वेगळा. नाशिक आणि मुंबई उपनगर यांच्यात फरक वीस हजारांहून जास्त, तरी रंग एकच. इथे रंग माणसं मोजतच नाही, तो रांगेतला नंबर सांगतो. हे वाचणाऱ्याला कळण्याची जागा एकच, ती म्हणजे सूची. तिथे नुसतं ‘जास्त घनता’ लिहिलं तर नाशिकला मुंबईच्या पंगतीला बसवल्यासारखं होतं. नुसतं ‘३९३ ते २०,९८०’ लिहिलं तर छापखान्याची चूक वाटते. ‘सर्वाधिक घनतेचे सात जिल्हे, ३९३ ते २०,९८०’ असं लिहिलं तर नंबरही कळतो आणि पल्लाही. एवढी साधी ओळ, पण ती लिहायची सवय लागायला फार वेळ लागला.

रंगांच्या छटांनी देशाचं चित्र मांडण्याची सुरुवात पॅरिसमध्ये झाली. शार्ल द्युपँ हा गणिती आणि नौकाबांधणीचा अभियंता. १८२६ मध्ये त्याने फ्रान्सच्या शिक्षणाचा नकाशा काढला. आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे तिथले देपार्तमाँ, आणि शाळेत जाणाऱ्या एका मुलामागे त्या देपार्तमाँमध्ये किती लोकसंख्या आहे, त्यावरून छटा. आकडा जितका मोठा तितकी शाळेत जाणारी मुलं कमी आणि छटा तितकी काळी. आकडे देपार्तमाँवरच छापलेले होते, छटांचे ठरावीक गट नव्हते. पण लोकांनी आकडे वाचलेच नाहीत. पश्चिमेच्या सँ-मालोपासून जिनिव्हापर्यंत एक तिरकी रेघ ओढली की उत्तरेला उजळ फ्रान्स आणि दक्षिणेला काळोखा फ्रान्स, हे चित्र सगळ्यांच्या डोक्यात बसलं आणि पुढची कित्येक वर्षं तिथल्या वादांत पुन्हा पुन्हा येत राहिलं.

त्यानंतर आला आंद्रे-मिशेल गेरी, पेशाने वकील. न्यायखात्याकडे गुन्ह्यांचे आकडे नुकते कुठे पद्धतशीर गोळा होऊ लागले होते. १८२९ मध्ये त्याने आद्रियानो बाल्बी या भूगोलतज्ज्ञाबरोबर एकाच कागदावर तीन नकाशे छापले: माणसांविरुद्धचे गुन्हे, मालमत्तेविरुद्धचे गुन्हे आणि शिक्षण. शाळा वाढल्या की गुन्हे कमी होतात, असं तेव्हाचे सुधारक ठासून सांगत असत. तिन्ही नकाशे शेजारी ठेवल्यावर ते काही जुळेना. शिकलेल्या उत्तरेतच मालमत्तेचे गुन्हे जास्त दिसत होते.

१८३३ मध्ये गेरीचा फ्रान्सच्या नैतिक आकडेवारीवरचा निबंध आला आणि त्याला विज्ञान अकादमीचं मोंतियों पारितोषिक मिळालं. गेरीची अडचण फार बोलकी होती. त्याचे आकडे ‘इतक्या लोकांमागे एक आरोपी’ अशा रूपात होते. कॉर्सिकात २,१९९ लोकांमागे माणसांविरुद्धच्या गुन्ह्याचा एक आरोपी, तर मध्य फ्रान्समधल्या क्रूझमध्ये ३७,०१४ लोकांमागे एक. म्हणजे आकडा लहान तितकी परिस्थिती वाईट. शिक्षणाच्या नकाशात मात्र लिहिता-वाचता येणाऱ्या सैन्यभरतीतल्या तरुणांचं प्रमाण होतं. तिथे आकडा लहान असणं वाईट आणि मोठा असणं चांगलं. एक मोजमाप सरळ, दुसरं उलटं. हे नकाशे एकमेकांशी ताडून पाहायचे कसे?

गेरीने रांग लावली. ८६ देपार्तमाँना क्रमांक दिले आणि नकाशावर प्रत्येकाच्या अंगावर त्याचा क्रमांक छापला. गडद म्हणजे वाईट, हा नियम सगळ्या नकाशांना एकच ठेवला. मूळ प्रमाणं नकाशालगतच्या तक्त्यात दिली. रंगाला क्रमांक आणि क्रमांकाला आकडा अशी साखळी त्याने तुटू दिली नाही. आज ज्याला पंचमकांचा किंवा दशमकांचा नकाशा म्हणतात त्याची सगळी बीजं या कागदांत दिसतात, आणि सूची लिहिण्याबाबत तर गेरी पुढच्या अनेकांपेक्षा चोख होता.

रांगेऐवजी थेट मापावर भर देणारी परंपराही याच शतकात वाढली. तिचं सगळ्यांत नावाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. १८७० च्या जनगणनेवरून फ्रान्सिस वॉकरने १८७४ मध्ये तिथला सांख्यिकी अ‍ॅटलास काढला. त्यात घनतेचे गट ठरलेले होते: चौरस मैलामागे २ ते ६ माणसं, ६ ते १८, १८ ते ४५, ४५ ते ९०, आणि ९० च्या वर. दोनपेक्षा कमी माणसं असलेला मुलूख कोराच सोडला. दोनच का, दीड किंवा तीन का नाही, याला निसर्गात काही आधार नव्हता. पण त्या कोऱ्या भागाची कड ही ‘वसाहतीची सीमा’ मानली गेली. १८९० च्या जनगणनेनंतर जाहीर झालं की आता अशी सलग सीमा उरलीच नाही. त्या वाक्यावरून फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या तरुण प्राध्यापकाने १८९३ मध्ये शिकागोत एक निबंध वाचला आणि अमेरिकेचा स्वभाव त्या सरकत्या सीमेने घडवला, असा सिद्धान्त मांडला. पुढच्या काही पिढ्या तो शाळा-कॉलेजांत शिकवला गेला. सूचीतल्या सगळ्यांत खालच्या चौकोनापुढचा ‘२’ एवढ्या लांब गेला.

शब्दांनी लिहिलेली सूचीही निरुपद्रवी नसते. चार्ल्स बूथने १८८९ मध्ये लंडनच्या गरिबीचा नकाशा छापला तेव्हा गल्ल्यांना सात रंग दिले. फिकट निळ्यापुढे सरळ कमाई लिहिली होती, बेताच्या कुटुंबाला आठवड्याला १८ ते २१ शिलिंग. काळ्या रंगापुढे मात्र कमाईचा पत्ता नाही. तिथे माणसांच्या चालचलनावरच निकाल देऊन त्यांना दुर्गुणी आणि अर्धे गुन्हेगार ठरवलं होतं. एकाच सूचीत एका रंगाला मोजपट्टी आणि दुसऱ्याला शिवी.

रांगेच्या तुकड्यांना नावं मिळाली ती इंग्लंडमध्येच. १८८४ मध्ये लंडनला आरोग्याचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. फ्रान्सिस गाल्टनने तिथे एक लांबट खोली थाटली: तीन पेनी द्या, आत शिरा, उंची, वजन, नजर, मुठीचा जोर मोजून घ्या आणि कार्ड घेऊन दुसऱ्या दाराने बाहेर पडा. ९,३३७ लोकांनी मोजून घेतलं. एवढ्या आकड्यांतून माणसाला त्याची जागा सांगायची तर सरासरी पुरत नाही. शंभरांच्या रांगेत तो कितवा, हे सांगावं लागतं. १८८५ मध्ये हे निकाल मांडताना गाल्टनने शतमक हा शब्द आणला. या साऱ्या कुळाला मिळून एक नाव लागतं, ते ‘क्वांटाइल’, १९४० मध्ये मॉरिस केंडॉलने दिलं. क्षेत्रघनी नकाशाला तरी कुठे लवकर बारसं लाभलं? त्याचं इंग्रजी नाव जॉन कर्टलंड राइट या भूगोलतज्ज्ञाने १९३८ मध्ये ग्रीक शब्दांतून जुळवलं: क्षेत्र आणि दाटी. मराठीतला ‘क्षेत्रघनी’ त्याच अर्थाचा, आणि ऐकायला कितीतरी सोपा.

विसाव्या शतकाच्या मध्यावर कॅन्सस विद्यापीठात जॉर्ज जेंक्स गटांच्या सीमा कुठे पाडायच्या याच्या मागे लागला. आकड्यांच्या रांगेत जिथे मुळातच मोठी फट असेल तिथेच कात्री लावावी, हा त्याचा आग्रह. नाशिक आणि रायगड यांच्यामधून रेघ गेलेली त्याला अजिबात खपली नसती. १९७३ मध्ये वॉल्डो टॉबलरने तर गटच नकोत, यंत्राने प्रत्येक आकड्याला त्याची स्वतःची छटा द्यावी, असं सुचवलं. म्हणजे दीडशे वर्षांनी गाडी पुन्हा द्युपँच्या स्थानकावर. तरी रांगेचे तुकडे मागे पडले नाहीत. २००२ मध्ये सिंथिया ब्रूअर आणि लिंडा पिकल यांनी मृत्युदरांच्या नकाशांवर वेगवेगळ्या पद्धती वाचकांसमोर ठेवून पाहिल्या, तेव्हा क्वांटाइल पद्धत सर्वांत चांगल्यांपैकी एक ठरली. शेजारी शेजारी ठेवलेले नकाशे ताडून पाहायला ती सोपी जाते, गेरीला जाणवलं होतं तसंच.

सूची नीट लिहिली तर काय होतं, याचं एक उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखं आहे. १९७५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९५० ते १९६९ या काळातल्या कर्करोगाच्या मृत्यूंचा काउंटीवार, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांप्रमाणे, अ‍ॅटलास छापला. सरळ दहा तुकडे पाडून सगळ्यांत वरचा दशमक लाल करणं सोपं होतं. पण अमेरिकेत शेकड्यांनी अशा काउंटी आहेत जिथे वस्ती तुरळक. तिथे वीस वर्षांत दोन-तीन मृत्यू इकडे-तिकडे झाले की काउंटी वरच्या दशमकात उडी मारते आणि रंग उगाच भीती घालतो. म्हणून संख्याशास्त्रज्ञांनी सूचीत दोन प्रश्न वेगळे केले: ही काउंटी वरच्या दशमकात आहे का, आणि तिचा दर योगायोगापलीकडे जास्त आहे का? त्यातून पाच ओळी निघाल्या. दोन्ही होकार असलेल्या काउंटी, दर नक्की जास्त पण वरच्या दशमकात नसलेल्या, वरच्या दशमकात पण दराची खात्री नसलेल्या, देशासारख्याच, आणि नक्की कमी असलेल्या. ओळी लांबलचक, छापायला अडचणीच्या, पण त्यांच्यामुळे खऱ्या खुणा खोट्यांतून वेगळ्या उठून दिसल्या.

जॉर्जियाच्या किनाऱ्यावर फुप्फुसाच्या कर्करोगाचा पट्टा दिसला. संशोधक तिथे गेले. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या गोद्यांत जहाजं बांधणाऱ्या कामगारांशी त्याचा संबंध निघाला. त्या कामात अ‍ॅसबेस्टॉस सर्रास वापरलं जाई. दक्षिणेतल्या राज्यांत बायकांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू जास्त दिसले. नॉर्थ कॅरोलायनात चौकशी झाली आणि १९८१ मध्ये उत्तर छापून आलं: तपकीर तोंडात धरून ठेवायची सवय. मिशेरी लावणाऱ्या आजीच्या घरात वाढलेल्या मराठी वाचकाला यातलं काही वेगळं समजावून सांगायला नको.

आणि सूची अर्धवट राहिली तर? त्याचा धडा न्यूझीलंडमध्ये मिळाला. तिथे १९९५ पासून शाळांना दशमक दिले जाऊ लागले. दशमक १ म्हणजे गरीब वस्तीतली मुलं ज्यांच्यात सर्वांत जास्त त्या एकदशांश शाळा. त्यांना सरकारी अनुदान जास्त. हेतू एवढाच. पण तिथल्याच संशोधकांनी वस्त्यांच्या वंचिततेचा जो निर्देशांक जनगणनेवरून काढला होता, त्यात दशमक १० म्हणजे सर्वांत वंचित. एकाच देशात दशमक हा एकच शब्द, आणि त्याची दोन टोकं उलटी. दशमक १ ची शाळा बहुधा दशमक १० च्या वस्तीत सापडायची. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून कुणी नुसते आकडे वाचले, तर गरीब वस्तीत श्रीमंत शाळा आहेत असा निष्कर्ष निघावा!

त्याहून खोल गेलेला घोटाळा पालकांच्या मनातला होता. १० म्हणजे उत्तम आणि १ म्हणजे टाकाऊ, असा सरळ हिशेब त्यांनी लावला. दशमक शाळेच्या दर्जाबद्दल एक अक्षरही बोलत नव्हता, पण ते सांगणारं वाक्य सरकारी कागदांत राहिलं आणि लोकांच्या तोंडी आला तो फक्त आकडा. अखेर २०२३ मध्ये दशमक मोडीत निघाले आणि त्यांच्या जागी वेगळा, तीन आकडी निर्देशांक आला. ब्रिटनमध्ये वंचिततेच्या निर्देशांकात दशमक १ म्हणजे सर्वांत वंचित, हे प्रत्येक वेळी स्पष्ट लिहावं लागतं. २०१९ साली इंग्लंडमधल्या ३२,८४४ लहान वस्त्यांची अशी रांग लागली होती.

आपल्याकडे अशा रांगेचं मोठं ठाणं मुंबईत देवनारला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम पाहणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था तिथली. २०१९ ते २०२१ मधल्या पाचव्या फेरीत ७०७ जिल्ह्यांतली ६,३६,६९९ कुटुंबं पाहिली गेली. घरात पंखा आहे का, गॅस आहे का, फरशी कशाची, दुचाकी आहे का, संडास कसा, अशा वस्तू आणि सोयींवरून प्रत्येक घराला गुण मिळतात. मग सगळ्या देशाच्या माणसांची रांग लावून तिचे पाच तुकडे पाडतात, प्रत्येकात २० टक्के. सगळ्यांत खालचा, दुसरा, मधला, चौथा, सगळ्यांत वरचा.

इथे सूचीत एक शब्द गळला तरी अर्थ बदलतो, आणि तो शब्द म्हणजे ‘देशाच्या’. रांग देशाची असल्यामुळे एखाद्या राज्यात प्रत्येक पंचमकात २० टक्केच लोक असतील असं नाही. दिल्लीत बहुसंख्य लोक वरच्या दोन पंचमकांत सापडतात, बिहारमध्ये चित्र उलटं. वर्तमानपत्रातली मंडळी कधीकधी ‘खालच्या पंचमकातले’ याचं भाषांतर ‘दारिद्र्यरेषेखालचे’ असं करून मोकळी होतात. पंचमक ही रेषा नव्हे. उद्या देशातल्या प्रत्येक घरी फ्रिज आला तरी खालचे २० टक्के २० टक्केच राहतील.

संगणकाने तर सूची लिहायचा उरलासुरला विचारही आपल्याकडून काढून घेतला. बटण दाबलं की पाच चौकोन आणि त्यांच्यापुढे तीन-तीन दशांश स्थळांचे आकडे. एका गटाचं टोक आणि पुढच्याचं मूळ एकच, मग नेमक्या त्या आकड्याचा जिल्हा कुठल्या रंगात गेला हे यंत्रालाच ठाऊक. गटात जिल्हे किती, गडद म्हणजे चांगलं की वाईट, रांग कुणाची, हे हाताने लिहायचं राहून जातं. प्रयोगवहीच्या कोपऱ्यात आकडे कोंबणारा नववीतला मुलगा निदान प्रत्येक जिल्ह्याला हात लावून गेलेला असतो.

२०१४ मध्ये ठाण्याचे दोन भाग होऊन पालघर जिल्हा झाला आणि महाराष्ट्राचे जिल्हे ३६ झाले. २०११ चेच आकडे घेऊन नवी रांग लावली तर पालघरची घनता नाशिकपेक्षा जास्त भरते, म्हणून नाशिक वरून सातवा होता तो आठवा होतो. आता ३६ ला ५ ने पूर्ण भाग जात नाही, एका गटात आठ जिल्हे घ्यावेच लागतात. तो जास्तीचा जिल्हा सगळ्यांत वरच्या गटात घेतला तर नाशिक मुंबईच्या रंगात राहतं. दुसऱ्या कुठल्या गटात घेतला तर एकही माणूस कमी न होता नाशिक एका छटेने फिकट होतं आणि रायगडच्या शेजारी जाऊन बसतं.